शेठ-मुनीमांचं बिनसलं

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातलं मोठं मशीन बंद पडलंय, आणि सगळ्या वॉर्डांच्या चादरी उरलेल्या मशीनवर. दिवसभर परक्यांच्या चादरी, घरी आलं की ह्यांच्या. हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेलेला माणूस लकव्यानं अर्धं अंग आणि बोलणं गमावून चाकांच्या खुर्चीतून परत आला, त्याला वर्ष होत आलं. मला अजून रोज सकाळी ते नव्यानं कळतं. मी बाहेरच्या खोलीतच झोपते. कामावरून काय काय जंतू अंगावर घेऊन येत असेन, ते ह्यांना नकोत.

त्यात तुझे ससे. ह्यांना सोबत म्हणून दिलेस, आणि सोबत होते हे खरं. दोघं दिवसभर ह्यांच्या मांडीवरच्या शालीत घुसून बसतात. पण दोन्ही नर आहेत म्हणून दुकानदाराने शपथ घेतली होती ना? मग तो करडा शेठ उठसूट पांढऱ्या मुनीमाच्या पाठीवर का चढतो? परवा ह्यांच्या नकाशा-कचेरीतले साहेब भेटायला आले, तर त्यांच्या बुटांपाशीच कार्यक्रम सुरू. साहेब बिचारे छताकडे बघत बसले. मी ओरडले, टाळ्या वाजवल्या, पेपर आपटला, पण शेठ ढिम्म. ह्यांना मात्र हसू आवरेना. इतक्या महिन्यांनी हसले, म्हणून मीही मग गप्प बसले. काही उपाय माहीत असला तर कळव.

तुझ्या मायेवर गाडा चाललाय, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
अक्का


१२ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दुकानातच वाचलं आणि इतकी हसले की चष्म्याचा नंबर तपासायला आलेल्या आजोबांना वाटलं, मी त्यांनाच हसतेय. त्या दुकानदाराच्या शपथेचं काय घेऊन बसलीस! आपला माल खपवायला तो मांजरालाही ससा म्हणाला असता.

माझं ऐक, दोघांना दोन पिंजऱ्यांत ठेव. कटकट मिटेल आणि तुलाही जरा दम खाता येईल. फक्त एक विनंती: त्यांना धुऊन प्रश्न सोडवू नकोस. माझा लोकरीचा स्वेटर उकळून तू बाहुलीच्या मापाचा केला होतास, ते दुःख अजून ताजं आहे. स्वतः वेळेवर जेवत जा. भावोजींना नमस्कार.

लोभाची सवय तूच लावलीस, आता निभाव.

तुझी,
धाकटी


२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून वेगळे ठेवले. मुनीम जाळीला नाक लावून बसला, शेठनं गवत सोडलं आणि ह्यांनी जेवणाकडे पाठ फिरवली. दोनच दिवसांत पुन्हा एकत्र केले.

मग शेठनं आपल्याच गळ्याखालचे केस उपटून ह्यांच्या चपलेत घरटं केलं! उचलून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोघांना उताणं करून पाहिलं आणि म्हणाल्या, दोन्ही माद्या आहेत. घरटं म्हणजे खोटं गरोदरपण. आणि चढणं हे दर वेळी नर-मादीचं नसतं, घरात कुणाचा शब्द चालणार ते ठरवायलाही चढतात. थोडा वेळ चढली तर चढू द्यायचं, ओरडायचं नाही. तोंडाकडून चढली किंवा खालची पळायला लागली, तर हळूच बाजूला करायचं. नावं मात्र बदलायची नाहीत, असं ह्यांनी खुणेनं बजावलंय.

इथपर्यंत गंमत होती. पण शेठच्या पोटात गाठ लागली. सशांच्या माद्यांना वाढत्या वयात गर्भाशयाचा हा आजार फार होतो म्हणे. ते काढून टाकलं तर वाचेल, पण जीव लहान, भुलीचा धोका आहेच. मुनीमचंही काढावं, पण तिनं जरा अंग धरल्यावर.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. तुला माहीत आहे, हो आणि नको एवढे दोनच शब्द ह्यांच्याकडे उरलेत. नको म्हणाले आणि शेठला शालीखाली झाकून घेतलं. मी कुठल्या तोंडानं समजावू? ऑपरेशनला माणूस चालत जातो आणि कसा परत येतो, ते ह्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक! केलं तर भीती, नाही केलं तर ती जाणारच. आणि ती गेली तर ह्यांचं काय होईल, या विचारानं मला धडकी भरते. इतकी दमलेय गं, की वाटतं कुणीतरी यावं आणि हो किंवा नाही सांगून जावं.

दमलेल्या अक्कावर जीव असू दे.

तुझी,
अक्का


९ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पिंजऱ्याचा सल्ला दिला, चुकलं माझं. लांबून अक्कल पाजळणं सोपं असतं.

हो किंवा नाही मी सांगणार नाही, तो हक्क भावोजींचा आहे. पण त्यांना निकाल ऐकवू नकोस, विचार. वर्षभर आपण सगळे त्यांच्या डोक्यावरून बोलतोय, जणू त्यांचे कानही गेलेत. डॉक्टरीणबाईंना घरी बोलाव, त्यांनाच भावोजींशी बोलू दे. सगळं ऐकून ते नको म्हणाले, तर नको.

तुम्हा दोघांचा हात माझ्या डोक्यावर आहे तसाच राहो.

तुझी,
धाकटी


२८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शेठ जिवंत आहे. आधी तेवढं वाच आणि मग पुढे.

डॉक्टरीणबाई आल्या, ह्यांच्या खुर्चीपाशी खाली बसल्या आणि कागदावर सशाचं पोट काढून कुठे काप घेणार ते दाखवलं. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस! ह्यांनी डाव्या हातात पेन्सिल धरली, त्यांची वाकडी रेघ सुधारली आणि कोपऱ्यात चाकांची खुर्ची काढली. मीही येणार, असा त्याचा अर्थ. टोपली मांडीवर घेऊन ऑपरेशनच्या दारापर्यंत आले, आणि ती बाहेर येईपर्यंत दाराकडे बघत राहिले. शेठ घरी आली, गवत खाल्लं. वाटलं, सुटलो.

पण खरं संकट आता उभं राहिलंय. टाके सांभाळायला दोघींमध्ये जाळी ठेवायची होती आणि दोघींची फडकी रोज अदलाबदल करायची होती, म्हणजे एकमेकींचा वास ओळखीचा राहतो. मी म्हटलं, ताज्या जखमेला दुसरीची घाणेरडी फडकी कशाला? फडकी, चटया, उशी, सगळं रोज सोड्यात उकळलं. ह्यांची शालही मागितली, पण नको म्हणून ती अंगाखाली घेऊन बसलेत. काल जाळी काढली, तर मुनीमनं शेठवर झेप घेतली. केसांचे पुंजके उडाले. जी आजवर मुकाट खाली बसायची, ती! शेठ कोपऱ्यात थरथरत होती. ह्यांनी डोळे मिटून घेतले ते दिवसभर उघडले नाहीत.

जीव वाचवला आणि जोडी मोडली. माझ्या हातांना धुण्याशिवाय दुसरं काही येतच नाही का?

माया असू दे, माझ्यावर जरा जास्तच.

तुझी,
अक्का


२ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

त्याच हातांनी वर्षभर घर उभं ठेवलंय, त्यांना बोल लावू नकोस. रविवारी सुट्टी काढून येतेय. डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचार, काही ना काही वाट असेलच. आणि मी येईपर्यंत त्या घरात काहीही धुतलं जाणार नाही, हा धाकट्या बहिणीचा हुकूम समज.

लोभ समक्ष येऊन वसूल करीन.

तुझी,
धाकटी


४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू येण्याआधी हे पत्र पोचायचं नाही, तरी लिहितेय. तोंडानं हे मला सांगता येणार नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघींपैकी कुणाचीच नाही अशा जागी त्यांना भेटवा. घरात अशी जागा एकच, न्हाणीघर. ह्यांची खुर्ची दारात लावली. मुनीम कान मागे टाकून पवित्र्यात, शेठ भिंतीला चिकटलेली. मी टॉवेल घेऊन मध्ये पडायच्या तयारीत होते. तेवढ्यात हे एका अंगावर कलले, अंगाखालची शाल ओढून काढली आणि दोघींच्या मध्ये टाकली.

मुनीमनं शाल हुंगली, मग शेठनं. हुंगत हुंगत दोघींची नाकं एकमेकींना लागली. मुनीमनं डोकं खाली घातलं आणि शेठ तिचं कपाळ चाटायला लागली. थोड्या वेळानं मुनीमच शेठच्या पाठीवर चढली! टाके अजून कोवळे, म्हणून हळूच खाली घेतली. ओरडले नाही. हे मोठ्यानं हसत होते.

दोघी गवताकडे गेल्यावर मी शाल उचलली. केस, काड्या, लेंड्या. सवयीनं बादलीकडे निघाले, तर ती नाकाशी आली. धाकटे, त्या शालीला ह्यांचा वास आहे. औषधाचा नाही, फिनेलचा नाही, ह्यांचा, पहिल्यापासूनचा. वर्षभर मी ह्यांना पुसतेय, उकळतेय, आणि तो वास मी घरातून घालवून बसले होते. सशांना तो ओळखीचा होता, मलाच परका झाला होता. तिथेच उंबऱ्यावर बसून पोटभर रडले.

शाल धुतली नाही. ह्यांच्या मांडीवर परत घातली. मुनीमच्या ऑपरेशनला दोघींना एकाच टोपलीत नेणार, शालीसकट.

मग विचारलं, माझं अंथरूण आतल्या खोलीत आणू का.

हो म्हणाले.

तू ये. तुझं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालते. तिथे आता जागा आहे.

तुझी,
अक्का