स्क्रीनवर बसलेली कॅप

नगरा, झाशी

चि. सौ. प्रेमला हिस दादाचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत उत्तम, फक्त जेवता येत नाही. (फोनवर हे बोलणं शक्य नाही. दवाखाना पुढच्याच खोलीत, आणि तुझ्या भाच्याचे कान तेवढे अजून बापाकडे असतात.)

हृषीकेशने दातांचं स्कॅनिंग यंत्र घेतलंय, हे तुला ठाऊक आहेच. उद्घाटनाचा मान माझा, म्हणजे खुर्चीत मी. समोर व्याही, शेजारी, बरुआसागरची त्याची मित्रमंडळी आणि एक फोटोवाला. पूर्वी तोंडात लगदा कोंबून माप घ्यायचे, डोळ्यांत पाणी यायचं, पण दातावरची कॅप नीट बसायची. आता एक कांडी तोंडात फिरली आणि पडद्यावर माझी अख्खी बत्तिशी (उरलेली एकोणीस) रंगीत दिसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या लग्नातही कोणी वाजवल्या नव्हत्या.

माझ्या दाढेची कॅप आली ती उंच. काठाला सुई शिरणार नाही इतकी चपखल, पण तोंड मिटलं की आधी तीच टेकते. बाकीचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. वीस दिवस मऊ भात खातोय. तक्रार केली की हा पडदा दाखवतो. "बाबा, स्क्रीन पर तो फिट एकदम परफेक्ट है. तुम्हाला सवय नाही, बस." बापाच्या तोंडात काय चाललंय ते बापाला विचारायचं नाही, यंत्राला विचारायचं! मग मीही मऊरानीपुरहून आलेल्या पेशंटांसमोर त्या यंत्राचा उद्धार केला. दोघे उठून गेले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवून ठेवू कुठे? यजमानांना नमस्कार.

तुझा दादा,
दत्तात्रेय

ता. क. चार दिवस झाले, हृषीकेशने यंत्रावर चादर घातली आहे. लगद्यानेच मापं घेतो. माझ्याशी बोलत नाही.

ता. क. २. स्कॅनच्या वेळी त्याने दात नेहमीसारखे घट्ट मिटायला सांगितले होते. फोटोत चेहरा वाईट येईल म्हणून मी ते नुसते मिटल्यासारखे केले. कॅप बसवताना उंची तपासायला निळा कागद चावायला दिला, तेव्हाही तसंच (व्याही बघत होते). यंत्राने दिसलं ते टिपलं, मधल्या फटीसकट. हे मला पहिल्याच घासाला कळलं होतं. आता माझ्याच्याने सांगवत नाही. आत्याचं तो ऐकतो, तू सांग. पत्र मिळताच त्याला फोन कर, सोमवारी कंपनीचा माणूस यंत्र परत न्यायला येतोय.