धूमकेतूचा बर्फ

मिरकरवाडा, रत्नागिरी
ता. १२ डिसेंबर २०२४

चि. दीपाली, तुला, मृणालीला आणि जावयांना माझे भरपूर आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नको, इकडे सगळं बरं आहे. फोनवर बोलावं तर तुझे बाबा समोर जाळं विणत बसलेले. तू आपल्या मनाने लग्न केलंस त्याला तेरा वर्षं झाली, तरी तुझं नाव निघालं की उठून धक्क्यावर जातात. म्हणून महिपतच्या टेम्पोतून चिठ्ठी आणि मासळीचा डबा पाठवतेय. डबा आधी उघड, पत्र काय नासत नाही.

इथे रत्नागिरीत विज्ञान प्रदर्शनात मृणालीचा दुसरा नंबर आला. पहिला आला त्याचं यंत्र बंदच पडलं होतं, पण जाऊ दे.

काय बोलली गो पोर! मंगळ आणि गुरूच्या मधे नुसते दगड फिरतात म्हणे, लाखांनी, ग्रह व्हायचे राहून गेलेले. मी विचारलं, आपल्या बंदराच्या तोंडावर खडक आहेत तसे? कोण आपटत नाही? तर म्हणाली, आजी, तिथे एका दगडावरून दुसरा दिसायचासुद्धा नाही, एवढी जागा.

धूमकेतू मात्र बर्फाचा, तोही माती-काजळी मिसळलेला. लांब थंडीत असतो तोवर नुसता गोळा. सूर्याजवळ आला की वाफ सुटते, तीच शेपटी. आमच्या लहानपणी शेपटीचा तारा दिसला की म्हातारी माणसं दारं लावून घ्यायची. आणि बघते तर काय, धक्क्यावर सांडलेला बर्फ तो!

तिथे धूमकेतू करून दाखवायला मास्तरांनी लांज्याहून आणलेल्या बर्फाचं वाटेतच पाणी झालं. पोरीने रडत मला फोन केला. मग बर्फवाल्या आजोबांनी बर्फ आणून दिला, असं तिने तुला सांगितलं असेल.

ते तुझे बाबा.

मी फोन ठेवला तर म्हणाले, "कोण रडतंय?" मी म्हटलं, लांज्याची एक शाळेतली मुलगी, तिला बर्फ हवाय. तसेच उठले. बर्फाच्या फॅक्टरीतून चुरा आणला, गोणपाटात बांधला आणि स्कूटरवर माझ्या मांडीवर ठेवला. माझे गुडघे अजून आखडलेत. मला वाटलं दारातूनच फिरतील, तर पोरीजवळ उकिडवे बसले. "माती कमी घाल गो, गोळा फुटेल." ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या धूमकेतूला बांगड्याचा वास येतोय." हसले गो! मग मी पाणी जास्त ओतलं म्हणून माझ्यावर ओरडले. पोर माझ्या कानात म्हणते, "आजी, हे बर्फवाले तुला एवढे का ओरडतात?"

निघताना तिला नाव विचारलं. तिने बापाच्या नावासकट सगळं सांगितलं. हे नुसतं "बरं" म्हणाले.

आज सकाळी सुरमई स्वतः घेऊन आले, स्वतःच कापली. मी विचारलं, मायलेकींपुरती ना? डब्यात बर्फ पसरता पसरता म्हणाले, "तिघांपुरती हाय. त्याला डोकं आवडतं का, विचार."

तर जावयांना सुरमईचं डोकं आवडतं की नाही ते कळव. फोन करून कळव. मी उचलणार नाही.

तुझी आई,
आनंदी