बोंब चाचणी

सोमवार, ४ मार्च

दोनशे सात! मोजून डोळे गरगरले. खाली सर्व्हर रूममध्ये लोखंडी डबे फक्त बारा, आणि त्यांच्या पोटात व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे सॉफ्टवेअरचे नुसते आभासी संगणक, दोनशे सात. एकेका डब्यात पंधरा-वीस जणी संसार करतायत. आता नवीन सॉफ्टवेअर, नवे डबे सहाच, आणि महिनाअखेरीपर्यंत सगळ्यांचं बिऱ्हाड हलवायचं. साहेब म्हणाले, "निम्मी तरी कामाची नसतील. उडवा."

उडवा म्हणे. हॉस्पिटल आहे हे! कुठलं मशीन काय करतं ते आधी कळायला नको?

घरी नवऱ्याला सांगितलं, तर हसत सुटला. "जी मशीनं मुळात नाहीतच, ती तू सांभाळतेस आणि वर दमतेस!" एक दिवस याला त्या खोलीच्या गारठ्यात उभा करणार आहे.

मंगळवार, ५ मार्च

दोनशे सहांचे मालक सापडले. एक उरलंय. नाव 'टेम्प-टू'. म्हणजे तात्पुरतं! आठ वर्षं अखंड चालू आहे हे तात्पुरतं. कागद नाही, टिपण नाही, आतला पासवर्ड कोणाला ठाऊक नाही. एक्स-रे, औषधं, बिलिंग, स्वयंपाकघर – सगळीकडे विचारून आले. प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "आमचं मशीन तर हे काय, टेबलावर आहे."

बुधवार, ६ मार्च

टेम्प-टू ज्याने बनवलं तो नोकरी सोडून कधीच गेला. नंबर शोधून त्याला गाठलं. दोन ओळींचं उत्तर – "आठवत नाही. बंद करून बघा, कोण बोंब मारतं ते."

आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. आम्ही त्याला बोंब चाचणी म्हणतो. मशीनचं नेटवर्क तोडायचं आणि हातावर हात ठेवून बसायचं. कोणी बोंब मारली की तो मालक. नाहीच मारली तर मशीन बेवारस. मीच नव्या पोरींना शिकवलंय हे, आणि वर टाळ्यासुद्धा घेतल्यात.

सकाळी अकराला नेटवर्क तोडलं. माऊसची एक टिचकी.

गुरुवार, ७ मार्च

शांतता.

सोमवार, ११ मार्च

अजून शांतताच. एकशे चाळीस मशीनं नव्या घरी पोचली. चालू स्थितीत हलवली, कोणाला पत्ताही लागला नाही! ऑपरेशन थिएटरचं हलवताना श्वास रोखून बसले होते. साहेबांनी चहा मागवला. मी भलतीच खुशीत आहे.

गुरुवार, १४ मार्च

आठ दिवस झाले, बोंब नाही. टेम्प-टू बंद केलं. २० तारखेला कायमचं पुसायचं. यादीत त्याच्यासमोर लिहिलं – बेवारस.

बुधवार, २० मार्च

आज टेम्प-टू पुसायचा दिवस होता.

दुपारी जेवायला टेलिफोन ऑपरेटर ताई शेजारी बसल्या. त्या सहज म्हणाल्या, "एक आजी आठवडाभर रोज फोन करतात गं. 'आमच्या ह्यांचा निरोप आला नाही' म्हणतात. मी नाव काढून बघितलं तर आजोबा दोन वर्षांपूर्वीच गेलेत. काय बोलणार? 'बघते हं आजी' म्हणते आणि ठेवते."

मी विचारलं, "कसला निरोप?"

"रक्त तपासायला या म्हणून जातो ना मोबाइलवर, तो."

तो निरोप पाठवतं कोण? ताट तसंच टाकून धावत प्रयोगशाळेत गेले. मॅडम म्हणाल्या, "तो आपोआप जातो." आपोआप! कुठून? त्यांना माहीत नाही. "पण हल्ली गर्दी कमी आहे. आम्हाला वाटलं, परीक्षांचे दिवस."

तिथून खाली सर्व्हर रूममध्ये पळाले. टेम्प-टू पुसायचं काम तीन वाजता लावलेलं होतं, तेव्हा दोनला दहा कमी. काम रद्द केलं, मशीन चालू केलं, नेटवर्क जोडलं. पासवर्ड मोडून आत शिरले – हे आधीच करायला हवं होतं.

हृदयाचे पेशंट. रक्त पातळ ठेवायची गोळी घेणारे. त्यांना ठरल्या दिवशी रक्त तपासून घ्यावंच लागतं, नाहीतर एकतर गुठळी होते, नाहीतर रक्त थांबत नाही. त्यांना बोलावणारं मशीन होतं हे. चौदा दिवसांत न गेलेले निरोप – एकशे त्रेसष्ट.

बोंब कोण मारणार होतं? ज्याला निरोपच आला नाही त्याला कळणार कसं, की यायला हवा होता? एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. बावीस वर्षं झाली या कामात. लाज वाटते मला माझी.

गुरुवार, २१ मार्च

सकाळी आठपासून चौघीजणी फोनवर. हृदयविभागाच्या डॉक्टरीणबाई स्वतः यादी घेऊन शेजारी बसल्या. यादीतले नऊजण मृत असल्याचं त्यांनीच रजिस्टर बघून सांगितलं. म्हणजे मशीन मेलेल्यांनाही बोलावत होतं! त्या नऊ नंबरांवर फोन करायचा नाही असं ठरलं. उरले एकशे चोपन्न.

एक शिंपी. वय पन्नास. त्याच्या बायकोने फोन घेतला. "कालपासून हिरड्यांतून रक्त येतंय, थांबत नाही." अँब्युलन्स पाठवली. नंतर वॉर्डात त्याला भेटले. तो म्हणाला, "निरोप नाही, म्हणजे सगळं ठीक असणार, असं वाटलं."

मी जिन्यात जाऊन रडले.

शुक्रवार, २२ मार्च

शिंप्याचं रक्त थांबलं. वाचला! एकशे चोपन्नही जण सापडले, सगळ्यांची तपासणी झाली किंवा उद्या होईल. साहेब म्हणाले, "झालं गेलं, आता अहवाल लिहा." अहवालात माझी चूक मी स्वतःच लिहिली. कोणी करायला सांगितलं म्हणून केलं, असं लिहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंचा हुकूम – यादी स्वच्छ करा. नऊ मृतांची नावं काढून टाकली. आजोबांचंही काढलं. बरोबरच आहे. त्या माउलीला दर महिन्याला नवऱ्याच्या नावाचा निरोप म्हणजे जखमेवर मीठच की!

पण त्यांनी फोन केले नसते तर शिंपी गेला असता. आभार मानायला हवेत. उद्या स्वतः जाऊन, यापुढे निरोप येणार नाही हेही हळूच सांगते.

शनिवार, २३ मार्च

तिसरा मजला. आजींनीच दार उघडलं. मी तयार करून नेलेलं सगळं बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "ते गेले, हे मला कळत नाही का गं? माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटलं तुम्हाला? मलाही तीच गोळी आहे, चार वर्षं झाली. तेव्हा नोंदणीच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, 'आजी, या मोबाइलवर आजोबांचं नाव आहेच, एका नंबरवर दुसरं बसत नाही. एकाला निरोप आला की दोघं या.' ते गेल्यावर मी एकटी यायला लागले. त्या फोनवालीला रोज हेच सांगायला जाते, तर ती 'बघते हं आजी' म्हणते आणि ठेवून देते."

बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत काळेनिळे डाग.

ते नाव काल मी माझ्या हाताने पुसलं.