एकतीस नंबरचा फॉर्म

बाई,

आज दुपारी संपादकांनी माझ्या टेबलावर प्रबंधांचा गठ्ठा आणून ठेवला. विद्यापीठात अलीकडे पदव्युत्तर पातळीवर काय संशोधन झालंय, त्यावर रविवारच्या पुरवणीसाठी दोन कॉलम लिहायचे आहेत, उद्या संध्याकाळपर्यंत. एक प्रबंध बंधाऱ्यांच्या गळतीवर, एक बाळंतिणींच्या रक्तक्षयावर, एक ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांवर. तिसऱ्याच्या सुरुवातीला एक ओळ होती : उत्तरे देणाऱ्यांची नावे गुप्त ठेवली आहेत. ती वाचली आणि मी प्रबंध मिटून पालथा घातला. इतकी वर्षं बातम्या लिहिते, दंगलीच्याही लिहिल्या, तेव्हा असं झालं नव्हतं. बाहेर स्टेशनपाशी परवापासून पोलिसांची गाडी उभी आहे. विद्यापीठाचं नाव आता बदलणारच, असं सगळे म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात. विधानसभेत पहिल्यांदा ठराव झाला तेव्हाही असेच आवाज खाली आले होते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्हाला न सांगितलेली गोष्ट त्याहून जुनी आहे.

आमच्या ऑफिसातल्या नव्या लोकांना आता नारू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. पायातून दोऱ्यासारखा निघणारा जंत, रोज थोडा थोडा काडीला गुंडाळून बाहेर काढायचा, हे त्यांना खरंच वाटत नाही. कॉलेजातल्या तुमच्या खोलीत मात्र त्या वर्षी दुसरा विषय नव्हता. एक इंजिनिअर बारवेच्या पायऱ्या बुजवून वर रहाट कसा बसवायचा याची आकडेमोड करत होता, म्हणजे माणसाचा पाय पाण्यात बुडायला नको. एक डॉक्टर गावोगावचे नारूचे रोगी मोजत होते. आणि एम.ए.च्या प्रबंधासाठी माझ्या वाट्याला आलं होतं ते सगळ्यांत सोपं वाटणारं काम : कोणतं घर कुठलं पाणी भरतं, हे घरोघर जाऊन विचारायचं. गाव पिंगळी स्टेशनच्या पलीकडचं. पहिला फॉर्म भरून मी तुम्हाला दाखवला, त्यावर घरमालकाचं नाव होतं. तुम्ही तो फाडलात. "फॉर्मवर नंबर. नावांची यादी वेगळ्या वहीत, आणि ती वही गावात न्यायची नाही. अगं, हा कागद तुझा नाही, ज्यानं उत्तर दिलं त्याचा आहे. तो मुका करून आणायचा." माझा चेहरा पडला असणार, कारण मग तुम्ही खणातून एक नवा खोडरबर काढून माझ्या हातावर ठेवलात. "आणि चुकलीस, तर तिथंच बसून खोड. त्यांच्या अंगणातच. घरी आल्यावर खोडू म्हणशील तर कधीच खोडणार नाहीस."

मी घरी आल्यावर खोडू म्हणाले. एकेका घरी दोन-दोन फेऱ्या करायच्या होत्या, निम्म्या गावाचं आडनाव एकच, नंबर एकमेकांत मिसळायला लागले. वही परभणीला, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. म्हणून मी प्रत्येक फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक नाव घालायला सुरुवात केली. सगळं संपलं की एका बैठकीत खोडून टाकू. माझा मुक्काम गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी होता. माझं आडनाव ऐकून त्यांनी जागा दिली होती, मी त्यांना काका म्हणत असे. फॉर्म माझ्या पत्र्याच्या पेटीत असत, पेटीला कुलूप, आणि किल्ली काकूंच्या देवघराजवळच्या खिळ्याला. "इथं कोण हात लावायलंय त्याला?" काकू म्हणाल्या होत्या, आणि मला ते अगदी पटलं होतं.

एकतीस नंबर म्हणजे गावाबाहेरच्या दलित वस्तीतलं तिसरं घर. तिथली बाई माझ्याच वयाची, पायाला नारूची पट्टी बांधलेली, कडेवर मूल. वस्तीची विहीर चैत्रातच आटली होती, आणि पाऊस लांबला होता. पाणी कुठून भरता, मी विचारलं. ती म्हणाली, ओढ्यातून. ओढा तर कोरडा होता, मी त्यातूनच चालत आले होते. मी तसं म्हणाले. ती हसली, मग मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "दुपारच्याला समदे रानात गेले की गावच्या बारवातून भरतो. आमी तिघी जणी. एकजण वर उभी ऱ्हाती, दोघी उतरतो. पर ताई, हे लिव्हू नका." नाही लिहिणार, मी म्हणाले. आणि अंगणाबाहेर येताच लिहिलं, कारण माझ्या सगळ्या प्रबंधात तेवढंच एक उत्तर नवं होतं. वर उजव्या कोपऱ्यात तिचं नाव होतंच.

पुढच्या आठवड्यात पेटी काकांकडेच ठेवून मी दोन दिवसांसाठी परभणीला आले आणि विधानसभेत नामांतराचा ठराव झाला. मग एसटी बंद, बाजार बंद. कुठल्या गावात वस्ती पेटवली, कुठं लोक बांधाबांधानं पळाले, हे दर दोन तासांनी कुणीतरी सांगत येई. तुम्ही निरोप पाठवून मला घरी बोलावलंत. तुमच्या स्वयंपाकघरात स्टोव्हवर चहा उकळतोय, तुमची पाठ माझ्याकडे. "फॉर्म कुठं आहेत तुझे?" तुम्ही विचारता. माझ्याजवळ, मी म्हणते. "सगळे?" सगळे. तुम्ही वळून माझ्याकडे बघता आणि चहा गाळायला लागता. तो चहा मी कसा प्यायले, मला आठवत नाही. कपाला कान नव्हता, एवढं आठवतं.

पॅसेंजर गाडी पुन्हा सुरू झाली त्या दिवशी मी घरी न सांगता निघाले. पिंगळीला उतरून चालत गेले. काका ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. "या ताई. येवढ्या गडबडीत कशाला आलात? कागुद काय पळून जायलेत का?" काकूंनी पाणी आणलं आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. किल्ली खिळ्यालाच होती. पेटीला कुलूप होतं. आत फॉर्म होते, एकूणएक. पण मी गठ्ठा नेहमी उलटा बांधायचे, शेवटचा नंबर वर ठेवून, आणि आता तो सरळ बांधलेला होता, एकपासून, गाठ मारून. पेटी घेऊन ओट्यावर आले तेव्हा काका उठले, सोबत गडी देऊ का म्हणाले. मी नको म्हणाले. मग ते म्हणाले, "तुमचं अक्षर मातर लय सुरेख हाय. चष्म्याबिगर वाचता येतंय."

एवढंच. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, काही नव्हतं.

मी वस्तीकडून गेले. घरं उभी होती. तिसऱ्या घराला बाहेरून कडी आणि कडीत खुपसलेली काडी. शेजारचा म्हातारा दारात बसला होता. गेले, म्हणाला, पूर्णेला, रेल्वेत भाऊ हाय तिचा. कधी? "झाले चार दिस." कशामुळं गेले, मी विचारलं. त्यानं माझ्या हातातल्या पेटीकडे बघितलं. "कशामुळं म्हणून काय सांगावं ताई. वारंच तसं हाय. गावात काय काय बोलायलेत." काय बोलायलेत, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. त्यानंतर रोज मी तो प्रश्न विचारलाय, कुणालाही न विचारता.

परतीच्या गाडीत पेटी मांडीवर घेऊन मी तुमच्या रबरानं एकेक नाव खोडलं. एकतीसवर इतकं घासलं की कोपऱ्याला भोक पडायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी गठ्ठा तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही एकेक फॉर्म उलटत होता. एकतीसवर थांबलात. कोपऱ्यावरून अंगठा फिरवलात आणि तो कागद खिडकीच्या उजेडात धरलात. पेन्सिल जाते, बाई, पण दाब राहतो, हे तुम्हीच वर्गात सांगितलं होतं. मी टेबलाची कड धरून उभी होते. तुम्ही कागद खाली ठेवलात आणि बत्तीस उचललात. तोंडी परीक्षेच्या वेळी तुम्ही बाहेरून आलेल्या परीक्षकांना म्हणालात, "हिच्या एकाही फॉर्मवर नाव सापडणार नाही." तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही मला वाचवलंत, की तुम्हाला खरंच तसं वाटत होतं? दोन्हींतलं कुठलं जास्त भीतीचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

उद्याचे दोन कॉलम मी वेळेवर देईन. मला ते जमतं. बातमीसाठी मी पूर्णेला निदान वीस वेळा गेले असेन. दर वेळी काम आटोपलं की पहिली गाडी धरली. रेल्वे क्वार्टरांकडे एकदाही वळले नाही. ती तिथं नसली तर काय, आणि ती तिथं असली आणि तिनं सांगितलं तर काय.

आणि खरं सांगायचं तर त्या गाडीत पेटी मांडीवर घेऊन नावं खोडत होते, तेव्हा मला भीती तिच्यासाठी वाटत नव्हती. ती भीती नंतर आली, पुष्कळ नंतर. त्या दिवशी मी फक्त तुम्हाला घाबरले होते.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच. तरी आत्ता पाहिलं, तर याच कागदाच्या वर उजव्या कोपऱ्यात तिचं नाव लिहिलेलं होतं, बारीक, पेन्सिलीनं. कधी लिहिलं, कळलं नाही. खोडलंय.