शिडी, खिडकी आणि बुधवारची बैठक

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच). तुझा रक्तदाब आटोक्यात आहे ना? भाऊजींचा खोकला काय म्हणतो? आम्ही सगळे मजेत, असं लिहिणार होतो. पण शाई कशाला वाया घालवू?

माझ्या लेकानं, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, नकाशे काढायची नोकरी सोडून सात महिने झाले. तेव्हापासून तो खोलीबाहेर येत नाही. (कामासाठी परगावी गेलाय असं तुला फोनवर सांगत होतो, तेव्हा तो भिंतीपलीकडे होता.) ताट दाराशी ठेवलं की निम्मं आत जातं, निम्मं परत येतं. आणि मी कसा, ते तुला ठाऊकच आहे. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली ती शेजारी बसून, पायाखाली वेगळा ब्रेक घेऊन. दुसऱ्याचं चुकतंय असं वाटलं की पाय आपोआप दाबला जातो. आधी दाराखालून दिनचर्येचा तक्ता सरकवला (पहाटे साडेपाचपासून). तो शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त होऊन परत आला. मग तेल घालायच्या निमित्तानं दाराची कडीच काढली, तर त्यानं आतून दाराला कपाट सरकवून लावलं.

शेवटी, हा आत करतो तरी काय ते बघायला, भर दुपारी मागच्या भिंतीला शिडी लावली. खिडकीशी पोचलो आणि शिडी घसरली. मी कठड्याला लोंबकळतोय, एक चप्पल खालच्या शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीवर! त्यानं खिडकी उघडली, काखेत हात घालून मला आत ओढलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "बाबा, दार वाजवायचं ना." ताई, सात महिन्यांत मी ते वाजवलं नव्हतंच, बडवलं होतं. खोलीत भयंकर असं काही नव्हतं. न फोडलेली पत्रं होती, आणि तो. केवढा वाळलाय गं.

त्या संध्याकाळी हिनं कबूल केलं, की दर बुधवारी ती शिवणक्लासला जात नाही (दोन महिन्यांत साधा रुमालही शिवून आला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं). वाचनालयाच्या माडीवर आमच्यासारख्या आईबापांची बैठक असते, तिथे जाते. घरातलं बाहेर बोलायचं नाही, असं जिनाभर बजावत मीही गेलो. समुपदेशक बाई आपल्या लेकापेक्षा लहान, म्हणून हाताची घडी घालून बसलो. शेजारी एक बेकरीवाले आपल्या मुलीबद्दल बोलता बोलता रडायला लागले. त्यांना द्यायला रुमाल काढला आणि तो मलाच लागला.

बाईंनी एकच काम दिलं. दार हळू वाजवायचं, "चहा ठेवलाय" म्हणायचं आणि पुढचं वाक्य गिळायचं. (गिळून गिळून पोटाला तडस लागलीय.) नवव्या दिवशी तो स्वयंपाकघरात येऊन चहा प्यायला. आता डॉक्टरांकडे जायलाही लागलाय. दोनदा आत गेला, एकदा फाटकातूनच परतला. मी काही बोललो नाही. विश्वास बसत नसेल तर हिला विचार.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. बैठकीत एक कागद भरून घेतला. 'तुम्हाला स्वतःला आधार कुणाचा?' हिनं शेजारणीचं नाव लिहिलं (तो विषय वेगळा). मी तुझं लिहिलं, फोन नंबरासकट. तुला विचारायचं राहूनच गेलं. चालेल ना?

आणखी एक. मी फोन करेन तेव्हा उपाय सांगू नकोस, नुसतं 'हं, हं' म्हण. आणि मधेच गप्प झालो, तर ठेवू नकोस.