चांदणीत अंडं नसतं

प्रिय आई,

एस्तेर मावशीला मी तो प्रश्न का विचारला? नाताळच्या आदल्या संध्याकाळपासून स्वतःला हेच विचारते आहे आणि उत्तर सापडत नाही. या पत्रातही सापडेल असं वाटत नाही, तेव्हा त्याची वाट पाहू नकोस.

तरी आज लिहायला बसले. काल आपल्या घरात जे झालं ते एव्हाना शेंद्र्याला सगळ्या भावकीत पोचलं असेल. तुझ्यापर्यंत कोण काय पोचवतं मला ठाऊक नाही, पण माझ्याबद्दलचं तुला माझ्याकडूनच कळावं. परीक्षेत मार्क कमी पडले तरी मी आधी तुलाच सांगायची ना?

त्या संध्याकाळी तात्या आणि काकू शेंद्र्याहून आले होते. त्यांच्याबरोबर वैजापूरचे दोघं होते, माझ्यासाठी स्थळ सुचवणारे. तू गेलीस, म्हणजे लग्न आता वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून तात्यांची घाई. थोरला भाऊ बोलतोय म्हटल्यावर अण्णा गप्प. मी तुझ्या फोटोशेजारी चटईवर मान खाली घालून बसले होते. तात्या सांगत होते, ‘आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. हाय, पण वागणं बघा, पायरी सोडून नाय.’ मला ते ऐकून बरं वाटत होतं, आई. हे लिहितानाही कान गरम होतात.

तेवढ्यात एस्तेर मावशी आली. चर्चला जायची पांढरी साडी, हातात ताटली, वर क्रोशाचा रुमाल. कुणाकडं न पाहता ती तुझ्या फोटोसमोर बसली, रुमाल काढला आणि म्हणाली, ‘कौसल्या, तुझ्या चांदण्या.’

तात्यांनी मान लांब करून पाहिलं. ‘हे नाताळाचे बिस्कुट ना? त्यात अंडं असतं म्हणं. धाकली माळकरी व्हती. तिच्याम्होरं असलं ठेवत नसतेत.’

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. शिकलेली मी. त्या घरात खरं ठाऊक असलेली मी. आणि मी म्हणाले, ‘मावशी, यात अंडं नाही ना?’

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. ‘नाही,’ म्हणाली. ‘नाही गं’ नव्हे, ‘नाही बाळा’ नव्हे. नुसतं नाही.

तात्या हसले. ‘इचारल्यावर व्हय कोण म्हणतंय?’ वैजापूरचे दोघंही हसले. मावशीनं चांदण्यांवर रुमाल टाकला, ताटली उचलली आणि गेली. मी उठलेसुद्धा नाही.

चांदणीत अंडं नसतं, हे मला नाही ठाऊक तर कुणाला?

शेंद्रा गाव सोडून आपण शहरात, छावणीतल्या त्या एका खोलीत राहायला आलो, त्या पहिल्याच थंडीत भिंतीपलीकडून वेलदोड्याचा वास आला आणि तू मला कडेवर घेऊन मावशीच्या दारात उभी राहिलीस. ही गोष्ट मी तुमच्या दोघींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की मला आठवतंय असंच वाटतं. मावशी तेव्हा दवाखान्यात नर्स होती. ड्युटीवरून येऊन ओट्यावर मैदा, साखर आणि तूप फेसत बसली होती. तू मदतीला बसलीस आणि भाकरीची सवय, म्हणून पिठाचा गोळा हातानंच थापायला लागलीस. मावशीनं लाटणं पुढं केलं. म्हणे, ‘अगं, ही तव्यावर नाही जायची, भट्टीत जायची. जाड राहू दे.’

साचे तिनं पत्र्याचं काम करणाऱ्याकडून तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून करून घेतले होते. चांदणी, घंटा, नाताळचं झाड आणि एक कबूतर. ते कबूतर त्याच्या हातून बदक झालं. मावशी त्याच्याशी भांडायला गेली तर तो म्हणाला, चोचीचा पत्रा थोडा जास्त राहिला, खाताना काय फरक पडतोय. तेव्हापासून आपल्या गल्लीत नाताळला बदक आलं ते कायमचं.

तुझ्या गळ्यात माळ, म्हणून तुम्ही दोघींनी एक रीत पाडलीत. ती कुठं लिहिलेली नव्हती, पण मी ती चुकलेली कधी पाहिली नाही. अंडी घरात यायच्या आधी तुझं पीठ मळायचं. अंड्याच्या जागी थोडं दूध. ते लाटायचं आणि त्याच्या फक्त चांदण्या कापायच्या. चांदणीचा साचा धुऊन, पुसून, वर फळीवर. मग मावशीनं तिच्या यजमानांना, जोसेफ काकांना, अंडी आणायला पाठवायचं. बाकीच्या पिठाला चांदणीचा साचा कधी लागलाच नाही. म्हणजे ताटात चांदणी दिसली की तू डोळे मिटून खावीस. तो साचा कितीतरी वर्षं मी माझ्या हातानं धुतला आहे.

बेकरीतल्या रहीमचाचांनाही ते ठाऊक होतं. पावाचा घाणा निघून भट्टीची आच उतरली की ते आपले बिस्किटांचे पत्रे आत सरकवायचे, आणि तुझा पत्रा वेगळा, अगदी कडेला. पोऱ्यांवर ओरडायचे, ‘भाभी के ट्रे को हात नक्को लगाव रे.’

आणि मग नक्षी. ते काम तुझं. मावशी पिठीसाखरेत लिंबू पिळून ती फेटून द्यायची, बीटाचं पाणी घालून लाल, हळदीची पिवळी. तू मेंदीसारखा कागदाचा कोन करायचीस. नाताळचं झाड तू कधी पाहिलेलं नव्हतंस, म्हणून पहिल्या वर्षी तू त्याला ज्वारीची कणसं काढलीस. घंटेवर गोपद्मं. आणि बदकाला नथ! चर्चमधल्या एका बाईंनी नाक मुरडलं, तर मावशी त्यांना म्हणाली, ‘आपल्या शेतात जे पिकतं तेच आपल्या झाडाला येणार ना.’ पुढच्या वर्षी त्याच बाईंनी नथवाल्या बदकांची पिशवी भरून नेली.

तुझ्यावर माझा एक राग आहे, तोही सांगते. शेंद्र्याचं कुणी आलं की तू तो बिस्किटांचा डबा पिठाच्या डब्यामागं सरकवायचीस. काकूंनी एकदा पाहिला तर म्हणालीस, बेकरीतून आणलेत पोरीसाठी. मावशीच्या ओट्यावर बसून तू खातेस, हे तू तात्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाहीस. का गं? मावशीला हे ठाऊक होतं का? मी कॉलेजात समतेवर भाषण केलं, तेव्हा पहिल्या रांगेत बसून तूच टाळ्या वाजवल्यास. आणि घरी डबा मागं. मी गप्प बसायला तुझ्याकडूनच शिकले का?

पण नाही. तू डबा लपवलास, मावशीला कधी चार माणसांत जाब विचारला नाहीस. तुझ्या लपवण्यामागं मी लपणार नाही.

नाताळच्या दिवशी मी मावशीकडं गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिच्या दाराचा आवाज आला की मी आपलं दार लावून घ्यायची. मी नोकरी करते त्या शाळेत मात्र मुलांना शिकवत होते की सगळी माणसं सारखी असतात, फळ्यावर मोठ्या अक्षरात. पुसून टाकावंसं वाटायचं.

मग एके सकाळी टोस्ट आणायला बेकरीत गेले. रहीमचाचा तुझी आठवण काढून हळहळले. म्हणाले, ‘इस साल मौसी एकच ट्रे लाए थे. भाभी का ट्रे. मैं पूछा, बाकी के? बोले, घर में गमी है, इस साल दुसरा कुछ नहीं बनाते.’

मी टोस्टची पुडी तिथंच विसरून आले.

तुला कळलं ना आई? आपल्या घरात दुखवटा म्हणून आपण दिवाळीला पणतीसुद्धा लावली नाही, तसं तिनंही केलं होतं. घंटा नाही, झाड नाही, बदक नाही. या वर्षी तिच्या घरात अंडं आलंच नव्हतं. तिनं नाताळला फक्त तुझ्या वाटणीचं केलं, ते घेऊन ती तुझ्यासमोर आली, आणि मी तिला विचारलं की यात अंडं नाही ना!

त्याच दुपारी तिच्याकडं गेले. ती तांदूळ निवडत होती. ‘बस,’ म्हणाली. मी बसले आणि मनात जुळवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, ‘मावशी, माझं चुकलं.’

तिनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, ‘तू विचारलंस त्याचं नाही गं. तुझ्या आईनंही विचारलं होतं पहिल्या वर्षी. इथंच बसून, पिठात हात घालायच्या आधी. तिला खायचं होतं म्हणून तिनं विचारलं. तुला दाखवायचं होतं.’

मी रडायला लागले, तर तिनं मला गप्प केलं नाही. चहा केला. बिस्किटं मागायची माझी हिंमत नव्हती, पण तिनंच सांगितलं, ‘चांदण्या पाखरांना घातल्या. दुसऱ्या कुणाला द्यायला मन होईना.’

मी विचारलं, आता काय करू. ‘ते मला नको विचारू,’ ती म्हणाली. ‘तू शिकलेली आहेस.’ त्यात टोमणा होता. तो माझ्या वाट्याचाच होता, मी तो घेऊन घरी आले.

मी खूप विचार केला. वैजापूरच्या स्थळासाठी मी तसं बोलले का? थोडं तसं असेल. तात्यांची भीती? तीही असेल. पण तात्या आणि वैजापूरचे त्या खोलीत नसते, तरी मी विचारलं नसतं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच म्हटलं, उत्तर नाही. मावशीनं एक सांगितलं, ते खरं आहे. पण दाखवावंसं का वाटलं, त्याच्या खाली अजून काहीतरी आहे आणि तिथवर माझा हात पोचत नाही.

काल तुझं मासिक श्राद्ध होतं. तू सवाष्ण गेलीस म्हणून तुझ्या नावानं सवाष्ण जेवायला घालायची. तात्यांनी आधीच निरोप धाडला होता की भावकीतलीच बाई बसवा, वैजापूरची मंडळीही येणार आहेत. मी परवा संध्याकाळी मावशीकडं गेले. म्हटलं, ‘उद्या आईच्या पानावर तुम्ही जेवायला याल?’ तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. ‘तात्या असतील?’ ‘असतील.’ ‘मग येते,’ म्हणाली.

पुढच्या डिसेंबरात काय करायचं ते मी ठरवलं आहे. अंडी यायच्या आधी पहिलं पीठ मी मळीन, मावशीच्या ओट्यावर, आणि कुणी घरी आलं तर डबा समोर उघडीन. माझ्या हाताला तुझ्यासारखी नक्षी नाही, पण वाकडीतिकडी काढीन. हे वचन. पण नुसत्या वचनावर तुझा विश्वास नसायचा, करून दाखव म्हणायचीस. म्हणून जे करून झालं आहे तेही सांगते.

काल पानं मांडल्यावर, सगळे बसलेले असताना, मी उभी राहिले. म्हटलं, त्या दिवशी मी मावशीला तुमच्यासमोर जे विचारलं, ते मला ठाऊक असून विचारलं. चूक माझी होती, म्हणून तुमच्यासमोरच सांगते. आज आईची सवाष्ण एस्तेर मावशी आहे.

तात्या म्हणाले, ‘पोरी, तुला कळतंय का तू काय करतीस?’ मी म्हटलं, कळतंय. ते अण्णांकडं वळले. अण्णा उठले, तुझा पाट भिंतीशी होता तो त्यांनी आणून मधोमध मांडला आणि पुन्हा जाऊन बसले.

मी मावशीला हळदकुंकू लावायला गेले आणि थबकले, लावू की नको. तिनं स्वतःच कपाळ पुढं केलं. ओटी भरली. तिनं डोळे मिटून तिची प्रार्थना केली आणि जेवायला लागली. वैजापूरचे दोघं एकमेकांकडं पाहत उठले. मागून तात्या उठले, काकूंना हाक मारली, चपला घातल्या. काकू दारात रेंगाळल्या, पण गेल्या. ते स्थळ मोडलं, आणि शेंद्र्याचं दार आपल्याला किती दिवस बंद राहील सांगता येत नाही.

दारातून तात्यांनी एकदा वळून पाहिलं. मी थांबवीन असं त्यांना वाटलं असावं. माझ्या हातात पोळ्यांचं ताट होतं. मी मावशीला पोळी वाढली.

तुझी,
सुमन