कुळिरनायगीच्या दगडावरची मिरची

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
श्री कुळिरनायगी अम्मन देवस्थान,
ओडैयकरै.

विषय : माझी आई श्रीमती नाच्चाताळ हिने वाटलेल्या मिरचीचा ताप उद्याच्या शुक्रवारपूर्वी उतरविण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवरील आपल्या कार्यालयाची उत्तरे.

महोदय,

१. देवीच्या दगडाच्या डाव्या अंगाला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, वाटलेल्या मिरचीचा थर करंगळीच्या पेराइतका जाड झाला आहे. वरची साल वाळून तडकली आहे. नखाने उचलली तर आतला भाग अजून ओलसर लागतो. त्यात तळाशी कुठेतरी माझ्या आईची मिरची आहे. तिच्यावर तीन वर्षांत इतरांच्या तक्रारी चढल्या आहेत.

२. मागील अर्जांत विनंती शेवटी लिहिली होती. उत्तरे पाहता तिथपर्यंत कोणी वाचले असेल असे वाटत नाही, म्हणून या वेळी ती आधी लिहिते. आईला आजच दगड धुऊ द्यावा. त्यासाठी आपले कार्यालय दोषी व्यक्तीचा कबुलीजबाब मागते. तो या खेपेस जोडला आहे. त्यावरील नाव पाहून अर्ज परत करू नये. नाव तसे का आहे ते खाली सांगितले आहे. मी हा अर्ज हातोहात घेऊन आले आहे आणि आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसले आहे.

३. आपण नुकतेच बदलून आला आहात, म्हणून थोडे सांगते. ज्याच्यावर अन्याय झाला आणि साक्षीदार नाही, तो इथे सुकी मिरची वाटून दगडाला लावतो. नाव कोणाचे घ्यायचे नसते. दोषी माणूस आपल्या तोंडाने कबूल होईपर्यंत देवी तापलेली राहते. मग जिने मिरची लावली तिनेच दगड ताकाने धुऊन तेल व चंदन लावायचे. तोवर तिने दही, ताक, शहाळे, तेलाचे स्नान वर्ज्य करायचे आणि दर शुक्रवारी दगडावरची बोटभर मिरची उपाशीपोटी चाटायची. आपल्या तक्रारीचे तिखट आपणही चाखावे असा त्यामागचा हेतू असावा. हेतू मला चांगला वाटतो.

४. आईच्या जठरात व्रण आहे. उन्हाळ्याच्या तोंडी, पंगुनी महिन्यात, तिला रक्ताची उलटी झाली. सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की मिरची थांबली नाही तर व्रण फुटेल, आणि मग रुग्णालयापर्यंत पोहोचण्याइतका वेळ मिळणार नाही. त्यांचा दाखला सोबत आहे. आईने तो माझ्याकडून वाचून घेतला आणि पुढच्या शुक्रवारी देवळात गेली. मी वाटेत आडवी उभी राहिले तर म्हणाली, "बाजूला हो. शाळेत दम दे पोरांना." एकदा मी देवळाच्या पुजाऱ्यांना, वेलुसामी पूसारींना, विनवून दगडाला नुसत्या रंगाची, बिनतिखट मिरची लावून घेतली. आईने ती जिभेवर ठेवली आणि थुंकली. "देवीला फसवतेस? आणि माझ्याच जिभेवरून?" त्यानंतर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

५. तक्रार आमच्या सेवलै नावाच्या गाईची होती. सकाळी चारा खाल्ला आणि दुपारच्या आत ती तडफडून मेली. आईने विषप्रयोग धरला. आळीने नावही ठरवले : शेजारीण कुप्पाताळ. तिच्याशी आदल्या दिवशी पाटाच्या पाळीवरून भांडण झाले होते, आणि त्या सकाळी ती आपली कळशी न्यायला आमच्या गोठ्यापाशी आली होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आल्या. आईची दोन्ही बाळंतपणे कुप्पाताळने काढली. गाय मेल्यापासून मात्र तिच्या चुलीवरचा पोंगलचा भात कोणी हातात घेत नाही. तिच्या नातीची सोयरीक याच कारणाने मोडली.

६. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. त्या वर्षी पाऊस ओढला होता. कापणीनंतर ज्वारीच्या खोडव्याला जे कोवळे फुटवे आले, त्यांत अशा वेळी हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. आमच्याच शेतातले फुटवे ठेचून मी नळीत, हे आम्ल ओळखणाऱ्या पिक्रेटच्या कागदासह बंद केले. पिवळा कागद विटकरी लाल झाला. गाईला कोणी विष घातले नव्हते. विष चाऱ्यात होते. मी तो कागद वेलुसामी पूसारींना दाखवला. ते म्हणाले, "लाल झाला ना, टीचर अम्मा? म्हणजे देवी तापलीय. मी तरी दुसरं काय सांगतोय?" मिरची वाटणारीच मेली तर काय होते असे विचारले, तर म्हणाले, "ताप लेकीवर येतो." त्याची मला भीती नाही. मला आई हवी आहे.

७. आईलाही मी हे तेव्हाच सांगितले होते. तिने विचारले, "चारा घातला कुणी?" उत्तर तिलाच माहीत होते. ती उठून आत गेली. हा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

८. आपल्या कार्यालयाने माझ्या पहिल्या अर्जावर दोषी व्यक्तीचे नाव मागितले. दुसऱ्या अर्जासोबत मी प्रयोगाचा अहवाल दिला व दोष हायड्रोसायनिक आम्लाचा असल्याचे लिहिले. उत्तर आले की सदर इसमाचा पूर्ण पत्ता व देवस्थानाशी असलेले नाते कळवावे. तिसऱ्या अर्जात मी ते द्रव्य असल्याचा खुलासा केला. तेव्हा, द्रव्यास कबुली देता येत नसल्याने प्रकरण निकाली काढता येत नाही, असे कळविण्यात आले. हे उत्तर शास्त्राला धरून आहे हे मी मान्य करते. पण त्या उत्तरानंतर आईने चार वेळा मिरची चाटली आहे, आणि काल सकाळी तिला पुन्हा काळी उलटी झाली. काळी म्हणजे रक्तच, पोटातल्या आम्लाने काळे झालेले.

९. काल संध्याकाळी कुप्पाताळ आमच्या ओट्यावर आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. आत न येता उभ्या उभ्याच म्हणाली, "अक्का, तुझ्या गाईला मी विष घातलं. मरगदम, लिहून घे. अंगठा देते, मग हिला दहीभात घाल."

ती खोटे बोलत होती हे मला ठाऊक होते आणि सिद्धही करता आले असते. तरी मी कागद काढला आणि तिचे नाव लिहिले. हे मी आपल्यापासून लपवत नाही. मला फक्त उद्याचा शुक्रवार दिसत होता.

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "तू? तुला उंदराला विष घालता आलं नाही कधी. तुझं ते पीठ खाऊन उंदीर बाळसं धरून फिरत होते."

"मग या खेपेला जमलं असं लिही."

"आणि नातीला कोण करून घेईल? विष घालणारीची नात म्हणून?"

"तिला आताही कोण करून घेतंय?" कुप्पाताळ म्हणाली. "निदान तू तरी जगशील. भांडायला कुणी तरी लागतं, अक्का. तुझ्याशी भांडण बंद झाल्यापासून मला घास गोड लागत नाही."

आई हसली, आणि हसताना पोट धरून वाकली. कुप्पाताळ ओटा ओलांडून आत आली आणि तिची पाठ चोळत बसली. मग आईने माझ्याकडे हात केला. मी कागद दिला. तिला वाचता येत नाही, पण कुप्पाताळचे नाव कुठे असेल हे तिने बरोबर ओळखले आणि कागद तिथून फाडला.

१०. सोबतचा कबुलीजबाब त्यानंतर घेतलेला आहे. त्यावर तक्रारदार व दोषी म्हणून एकाच व्यक्तीचा अंगठा आहे. देवस्थानाची नियमावली मी पुन्हा वाचली. या दोन व्यक्ती वेगळ्या असाव्यात असे कोणतेही कलम तीत नाही. आईचे शब्द मी बदललेले नाहीत :

"नवा कागद घे, मरगदम. देवळात मी स्वतः सांगणार, हिला शेजारी उभी करून, सगळ्या आळीच्या देखत. कुणी विष घातलं नाही. खोडवा मी कापला, सेवलैपुढं मी टाकला. तिनं तोंड फिरवलं होतं. मीच परत पुढं सारला."

बाहेर बाकावर आपल्या शब्दाची वाट पाहणारी,
आपली नम्र,

पो. मरगदवल्ली
रसायनशास्त्र शिक्षिका,
ओडैयकरै
गुरुवार, दि. ११ जून १९९८